नाताळची परंपरा पाडावी कशी?

परंपरा दोन प्रकारच्या असतात : पडलेल्या आणि पाडलेल्या. पडलेल्या परंपरेचं आपण काही करू शकत नाही. ती आजीकडून आलेली असते आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारला की आई रागावते. पाडलेली मात्र आपल्या हातात असते. तिला समिती लागते, वर्गणी लागते, व्हॉट्सॲप ग्रुप लागतो आणि त्या ग्रुपमधून दर वर्षी रुसून बाहेर पडणारे एक काका लागतात. मिरा रोडच्या एका सातमजली सोसायटीत मी गेली सहा वर्षं सांस्कृतिक समितीचा सदस्य आहे. समितीत आम्ही तिघे आहोत. तिसऱ्याला अजून कळवलेलं नाही. या अनुभवाच्या जोरावर, घरच्यांना आणि मित्रमंडळींना हाताशी धरून नाताळची अर्थपूर्ण परंपरा कशी पाडावी, याचं मार्गदर्शन इथे विनामूल्य करत आहे.

आधी पात्रता. ‘नाताळ काय आपला सण आहे का?’ असा सवाल पहिल्याच मीटिंगमध्ये येतो. तो वडापाव खात खात आला तर विशेष मजा येते, कारण त्यातला पाव पोर्तुगीज, बटाटाही पोर्तुगीज. घरी ज्या परातीत कणीक मळली ती परात, गवंड्याचं घमेलं, एक तारखेचा पगार, हे सगळे शब्द एकाच गलबतातून उतरले. ‘नाताळ’ही त्यातलाच. तेव्हा ज्याला पगाराची परंपरा चालते त्याला नाताळाची चालायला हरकत नाही, असा ठराव करून मीटिंग पुढे न्यावी.

दुसरा सवाल, परंपरा किती जुनी हवी? जुनीच हवी असेल तर आपल्याकडे भरपूर आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला, त्यात आपली साष्टीही गेली. तारीख नीट बघा. पहिल्या नाताळाच्या तयारीला जेमतेम दोन दिवस मिळाले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवळांत नेऊन टांगल्या. भीमाशंकरला जाऊन घंटा वाजवली असेल तर या परंपरेत आपला हात आधीच लागलेला आहे. नवीच हवी असेल तर जपानकडे बघावं. तिथे १९७४ साली एका जाहिरातीने सांगितलं की नाताळला केंटकीचं तळलेलं चिकन खायचं असतं, आणि लोक अजून ते महिनाभर आधी नोंदवून खातात. हे उदाहरण मी समितीत दिलं, कारण परंपरा पाडता येते याला याहून भक्कम पुरावा नाही. पण चिकन हा शब्द आल्यावर चौथ्या मजल्याने बहिष्काराची भाषा केली, म्हणून इतिवृत्तात फक्त ‘जपानबाबत चर्चा झाली’ एवढंच आहे.

आता प्रत्यक्ष कृती.

पायरी पहिली : मे महिना. हो, मे. हा लेख तुम्ही डिसेंबरात वाचत असाल तर पहिली पायरी चुकलेली आहे, पण वाचा. आपल्या मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत भाईंदर पश्चिमेपासून उत्तनपर्यंत इथले मूळचे ख्रिस्ती राहतात. स्वतःला ते ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. पश्चिम किनाऱ्यावर, त्यातही भाईंदर पश्चिमेला राहून ईस्ट इंडियन! मुंबईत नोकरीसाठी गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती आले, त्यांच्यात आपली गणती होऊ नये म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे नाव घेतलं गेलं. नावातच एवढी मुत्सद्देगिरी, तर मसाल्यात किती असेल. त्यांचा तो प्रसिद्ध बाटली मसाला उन्हाळ्यात होतो. पंचवीस-तीस जिनसा उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या आणि बिअरच्या काळपट तपकिरी बाटल्यांत ठासून भरायच्या, म्हणजे उजेड लागत नाही. डिसेंबरातल्या कालवणाची चव मेमधल्या उन्हावर ठरते. आमच्या समितीने या पायरीचा विचार केला आणि रिकाम्या बिअरच्या बाटल्या जमवण्याचं काम मनापासून केलं. त्यापुढे काम गेलं नाही.

पायरी दुसरी : गोठा. दुकानात तयार मिळतो, पण परंपरा पाडायची तर स्वतः करावा. असा देखावा पहिल्यांदा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचिओ गावात मांडला, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून. आम्ही सोसायटीच्या आवारात कोंबडीसुद्धा आणू शकत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर भागवलं. बर्फाचा प्रश्न दर वर्षी येतो. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तेव्हा कापूस पसरावा. मुळात बर्फ कशाला, असं एका मुलीने विचारलं. मिरा रोडला पहाटे पंखा एकवर ठेवावा लागतो त्याला आपण थंडी म्हणतो. त्या मुलीला समितीत घ्यायचं ठरलं आहे. गोव्यात गोठ्यासाठी नाचणी रुजवून हिरवळ करतात, तीच सूचना माझ्या बायकोने केली आणि नवरात्रातल्या घटाच्या अनुभवावर नऊ दिवसांत बोटभर हिरवळ उगवून दाखवली. आजवरच्या आमच्या गोठ्यात खरं असं तेवढंच होतं.

एक सावधगिरी. बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत आधी ठेवायची नसते. चोवीसच्या मध्यरात्री ठेवतात. तोवर ती हरवू नये म्हणून आम्ही खजिनदारांकडे दिली. त्यांनी ती शेअर सर्टिफिकेटांबरोबर कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली आणि सहकुटुंब महाबळेश्वरला गेले. त्या वर्षी आमच्याकडे ख्रिस्तजन्म सत्तावीस तारखेला दुपारी साडेबाराला झाला.

पायरी तिसरी : प्रवास. बायबलची गोष्ट थोडक्यात अशी. बादशहाने फर्मान काढलं की प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावं. आजच्या भाषेत केवायसी. म्हणून योसेफ सुतार आपल्या गरोदर मरियेला घेऊन नाझरेथहून बेथलेहेमला निघाला. वाट दीडशे किलोमीटरच्या आसपास. आता मिरा-भाईंदरचं भाग्य बघा. भाईंदर पश्चिमेच्या चर्चचं नाव नाझरेथची माता आणि डोंगरीच्या चर्चचं नाव बेथलेहेमची माता. म्हणजे योसेफाला जो प्रवास करायला दिवसचे दिवस लागले, तो आपल्याकडे भाईंदर स्टेशनबाहेरून महापालिकेच्या बसने होतो. मुर्धा, राई, मोर्वा करत बस डोंगरीला पोचते. मरियेला बसायला निदान गाढव होतं, आपल्याला संध्याकाळच्या बसमध्ये तेही मिळत नाही. तरी एका चोवीस डिसेंबरला कुटुंबासह हा प्रवास करावाच. एका पालिकेच्या हद्दीत नाझरेथ आणि बेथलेहेम दोन्ही असून आपण मुलांना नाताळात मॉलमध्ये नेतो, याची जरा तरी लाज वाटली पाहिजे.

याच गोष्टीचा पुढचा भाग असा की बेथलेहेमला त्यांना उतरायला जागा मिळत नाही. इथे मिरा-भाईंदरकराला गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री लोक योसेफ-मरिया होऊन दारोदार जागा मागतात. आतले लोक गाण्यातून नकार देतात आणि शेवटच्या दारी सगळ्यांना आत घेतलं जातं. याला पोसादा म्हणतात, म्हणजे मुक्कामाची जागा. आम्ही हे एका रात्रीत, सात मजल्यांत बसवलं. पाचवीतला एक मुलगा योसेफ, बापाचा पंचा डोक्याला. त्याच्याच वर्गातली मुलगी मरिया, निळी चादर आणि पोटाशी सोफ्याची उशी. गाढव दोन भावांनी मिळून केलं होतं आणि पुढचे पाय कोणी व्हायचं यावरून ते जिन्यात दोनदा भांडलं. प्रत्येक मजल्यावर एका घराने नकार द्यायचा होता. संवाद लिहून दिले नव्हते. द्यायची गरजच पडली नाही.

गेटवर वॉचमन म्हणाला, “कुठल्या फ्लॅटला जायचंय?”

योसेफ म्हणाला, “जिथे जागा असेल तिथे.”

“अशी एंट्री होत नाही. ॲपवर अप्रूव्हल येऊ दे.” तो नाटक करत नव्हता.

पहिल्या मजल्यावर प्रश्न आला, “नॉनव्हेज खाता का?” मरिया गडबडली आणि म्हणाली, “काका, आम्ही सुतार आहोत.” दुसऱ्या मजल्यावर आंटींना नकार देणं जमेना, त्यांनी पदर तोंडाला लावून नुसती मान हलवली. तिसऱ्यावर, “बॅचलर?” योसेफ म्हणाला, “नाही, फॅमिली. म्हणजे आता होईलच.” चौथ्यावर अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, एक महिन्याची दलाली आणि पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं एका दमात झालं, कारण त्या घरातले भाई त्याच धंद्यात आहेत. पाचव्यावर गाढवाला लिफ्टमधून कोणी आणलं यावर खरंच वाद झाला. प्रत्येक मजल्यावर हशा वाढत होता आणि माणसंही.

सहाव्या मजल्यावर तेव्हा नुकतंच आलेलं एक भाडेकरू कुटुंब होतं. त्यांनी भाईंदर पश्चिमेपासून मिरा रोड पूर्वेपर्यंत पाच महिने घर शोधलं होतं. फोनवर नाव सांगितलं की पलीकडचा माणूस “कळवतो” म्हणायचा, हे त्यांनीच एकदा लिफ्टमध्ये सांगितलं होतं, हसत. त्या भाईजानांना आम्ही नकाराचं काम दिलं होतं, कारण त्यांचा आवाज चांगला आहे. बेल वाजली. दार उघडलं. योसेफ म्हणाला, “जागा आहे का?” ते दारात उभे राहिले. आम्ही जिन्यातून खुणा करत होतो, नाही म्हणा, नाही म्हणा. ते म्हणाले, “है ना बेटा. आओ, अंदर आओ.”

ठरल्याप्रमाणे जागा सातव्या मजल्यावर मिळायची होती. समोसे सातव्या मजल्यावर होते. पण गाढव आत शिरलंसुद्धा होतं. वन बीएचकेत चाळीस माणसं बसली, काही पलंगावर, काही ओट्याच्या कडेला, आणि भाभींनी दोन खेपांत चहा केला. समितीचे अध्यक्ष चिडले, नियोजन कोलमडलं असं म्हणाले, आणि चहा प्यायले. दुसऱ्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत पुन्हा सातवा मजला छापला होता. पोरं सहाव्याच्या पुढे गेलीच नाहीत. आता दर वर्षी जागा सहाव्या मजल्यावरच मिळते. तसा ठराव मात्र अजून झालेला नाही.

पायरी चौथी : केक. मिश्र सोसायटीत प्लम केक हा राजकीय प्रश्न आहे. अंडं नको, हे पहिलं. रम नको, हे दुसरं. मग चौथ्या मजल्यावरच्या बेन म्हणाल्या, आलं कंदमूळ आहे, तेही नको. असा केक बेननी स्वतःच घरी केला. मनुका-बेदाणे संत्र्याच्या रसात भिजवले, दही आणि सोडा घातला. खरं सांगतो, चवीला उत्तम होता. शिरा आणि केक यांच्या हद्दीवर कुठेतरी तो बसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आंटींनी दोन तुकडे खाल्ले, बेनचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “फार छान झालंय. काय आहे हे?”

याच आंटी मूळच्या उत्तनच्या. त्यांच्या मनात माझ्याविषयी दया उत्पन्न झाली आणि त्या मला नाताळच्या दोन दिवस आधी माहेरी घेऊन गेल्या, “एकदा बघून तरी घ्या” म्हणत. उत्तनला उतरल्यावर पत्ता विचारावा लागत नाही, नाक पुढे जातं. वलांड्यांवर बोंबील ओळीने वाळत असतात, त्यांच्यामागे घरावर कागदी तारा, आणि घरात तेल तापलेलं.

ओट्याजवळ त्यांची आई बसली होती, पाटावर, समोर पिठाचं मोठं तपेलं. फुगे चालले होते. मैदा, अंडी, नारळाचं दूध, किंचित साखर. आंबवायला पूर्वी ताडी, आता यीस्ट. पीठ डाव्या मुठीत धरायचं, अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून लिंबाएवढा गोळा वर पिळायचा, उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून तेलात सोडायचा. गोळा तळाशी जातो, वर येतो, आणि एका अंगाने तांबूस झाला की आपणहून कूस बदलतो. मी वही काढली.

“आजी, पीठ किती घेता?”

“हे तपेलं भरून.”

“तपेलं किती किलोचं?”

“तपेलं माझ्या सासूचं.”

मी वही मिटली. म्हणून इथून पुढे पायऱ्यांना आकडे नाहीत.

मलाही मूठभर पीठ मिळालं. माझ्या प्रत्येक फुग्याला शेपटी आली. आजींनी झाऱ्याने त्यातला एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, “हा फुगा नाय, बेडूकमासा हाय.” बेडूकमासे वेगळ्या ताटलीत काढले आणि मलाच इंदाळाच्या कालवणाबरोबर वाढले. पलीकडच्या खोलीत सात-आठ पोरं कुलकुल वळत होती. गोड पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची. काटे कमी पडले म्हणून दोघा-तिघांना कोरे कंगवे दिले होते. तिथे मी चाळीस मिनिटं बसलो. तेवढ्यात कोणाची बोट विकली, कोणाची मुलगी बंगळुरूला गेली आणि कोण यंदा नाताळला येणार नाही, हे सगळं कळलं. दोन जावा, ज्यांचं आपसात बोलणं बंद असल्याचं आंटींनी बसमध्येच सांगून ठेवलं होतं, एकाच परातीतलं पीठ घेत होत्या. बोलत नव्हत्या. पण परात सरकवत होत्या.

नेवऱ्याही होत्या. आपली करंजीच, पण हे तिथे म्हणू नये. मी म्हटलं, त्यावर “मग तुमची करंजी आमची नेवरी आहे,” असं उत्तर मिळालं.

चर्चमध्ये नाताळच्या मिस्सेला पाहुणे म्हणून जायचं असेल तर दोनच सूचना. एक, वेळ आधी विचारून घ्या. नाव मध्यरात्रीचं असलं तरी रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरच्या नियमापायी अनेक चर्चमध्ये ती आधीच उरकते. दोन, शेवटी शेवटी लोक रांग लावून पुढे जातात आणि पाद्री त्यांना काहीतरी देतात, तो प्रसाद नव्हे. ते ख्रिस्तशरीर असतं आणि दीक्षा घेतलेल्यांसाठीच असतं. मी उजवा हात पुढे, त्याखाली डावा, अशा सत्यनारायणाच्या पद्धतीने रांगेत उभा होतो. आंटींनी मागून शर्ट धरून ओढला. तेव्हापासून चर्चमध्ये त्या माझ्याच मागे बसतात.

एकतीस तारखेला म्हातारा जाळायची पद्धतही ख्रिस्ती वस्त्यांत आहे. सरत्या वर्षाचा पेंढ्याचा म्हातारा करायचा, पोरांनी त्याच्या नावाने आठवडाभर पैसे मागायचे आणि बाराला पेटवायचा. आम्ही केला, त्याला सेक्रेटरींचा जुना सफारी घातला, आणि सेक्रेटरींनीच आगीच्या परवानगीचा मुद्दा काढून तो जाळू दिला नाही. म्हातारा अजून मीटर रूममध्ये आहे. नवीन वॉचमन त्याला घाबरतो.

एवढं सगळं करून पंचवीसला सकाळी काय होतं ते सांगतो. दार वाजतं, आंटी उभ्या असतात, हातात क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं स्टीलचं ताट. त्यात कुलकुल, नेवऱ्या, केकचे दोन काप आणि एका कोपऱ्यात, कागदात गुंडाळून, बाटली मसाल्याची पुडी. ताट रिकामं परत द्यायचं नसतं म्हणून बायको ते ठेवून घेते आणि संक्रांतीला तिळगूळ भरून धाडते. आंटी ते ईदेला सहाव्या मजल्यावर नेतात. तिथून पर्युषणानंतर ते चौथ्यावर जातं, चौथ्यावरून दिवाळीला खाली येतं. वर्ष फिरतं तसं ताट फिरतं. हे कधी सुरू झालं ते मला समितीच्या अहवालात लिहायचं होतं, म्हणून परवा मी ते घासून उलटं करून बघितलं. जुन्या भांड्यांवर असतं तसं कडेला टोच्याने नाव घातलेलं आहे. नाव झिजलं आहे, ‘यांजकडून सप्रेम’ एवढं लागतं, आणि साल, १९८८. आमची इमारत २००३ची. आंटींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “माझं कुठलं? मला वाटलं तुमचं.” बेन म्हणाल्या, आमचं नाही. भाईजान तर अलीकडे आलेले. शेवटच्या मीटिंगमध्ये चौकशी झाली, कोणीच हक्क सांगितला नाही.

ते ताट सध्या आमच्याकडे आहे. ज्यांचं असेल त्यांना कळकळीची विनंती : कृपया मागायला येऊ नये.